पावसावर छप्पर घालणारा माणूस : सर बिली बटलिन

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की मराठवाड्यातील वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर वॉटर पार्कच्या जाहिराती झळकू लागतात. घसरगुंड्या, कृत्रिम लाटा, सहकुटुंब पॅकेज, मुक्कामाची सोय. परतूरसारख्या तालुक्याच्या गावी मे महिन्यात पारा चाळिशी केव्हाच ओलांडून गेलेला असतो. अशा वेळी निळ्याशार पाण्याची ती छायाचित्रे पाहून मुले आईवडिलांच्या मागे लागली नाहीत तरच नवल. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आले, १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले. पुढे खोपोलीजवळ इमॅजिकाने वॉटर पार्कला जोडून हॉटेलही उभे केले. राहणे, जेवणे, पोहणे आणि करमणूक हे सारे एकाच कुंपणाच्या आत आणि एकाच पैशात, ही कल्पना आपल्याकडे अजून नवलाईची वाटते. वस्तुतः तिचे वय नव्वदीच्या घरात आहे. आणि गंमत अशी की, ती उन्हाच्या तडाख्यातून जन्मलेली नाही. तिचा जन्म झाला तो पावसाच्या जाचातून, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका सलगमाच्या शेतात.

त्या शेताचे सोने करणाऱ्या माणसाचे नाव विल्यम बटलिन. जग त्यांना बिली बटलिन म्हणून ओळखते. ब्रिटनमधील दोन-तीन पिढ्यांना सहकुटुंब सुटी म्हणजे काय, हे या माणसाने शिकविले. त्यांचे स्वतःचे बालपण मात्र कुटुंब या शब्दाला पारखे होते.

बटलिन यांचा जन्म २९ सप्टेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे झाला. आई बर्था हिल ही फिरत्या जत्रेकऱ्यांच्या घराण्यातील, तर वडील प्रतिष्ठित घरातील. हा संसार टिकला नाही. लहानग्या बिलीला घेऊन आई इंग्लंडला परतली आणि ब्रिस्टॉलच्या परिसरातील जत्रांमधून माहेरच्या माणसांबरोबर हिंडू लागली. जत्रेत आले घातलेली बिस्किटे विकणे हा घरचा धंदा. आज या गावी, उद्या त्या गावी, अशा भटकंतीत शिक्षण होणार ते किती? पुढे आईने दुसरा विवाह केला आणि ती कॅनडाला गेली. मुलाला काही काळ मावशीकडे ठेवण्यात आले. यथावकाश तोही टोरांटोला पोहोचला, पण शाळेत त्याच्या इंग्लिश उच्चारांची टिंगल होई. त्याने शाळेला लवकरच रामराम ठोकला आणि ईटन्स या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी धरली.

या नोकरीत एक साधी गोष्ट घडली. ईटन्सने आपल्या नोकरदारांसाठी एका तळ्याकाठी उन्हाळी शिबिराची सोय केली होती. तेथे जाऊन आलेल्या त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने सुटी मिळाली. मालकाने कामगाराच्या विश्रांतीची काळजी वाहावी, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली असावी. कारण पुढे आयुष्यभर त्यांनी जे उभे केले, त्याचे बीज या तळ्याकाठच्या दिवसांत सापडते.

मध्ये महायुद्ध आले. कॅनडाच्या सैन्यात बिगुल वाजविणारा पोरगा म्हणून भरती झालेले बटलिन फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात होते. विमी रिज, ईप्र, कँब्रे ही त्या युद्धातील भीषण रणक्षेत्रे त्यांनी पाहिली. युद्धानंतर काही काळ पुन्हा टोरांटो, आणि १९२१ मध्ये गुरे वाहून नेणाऱ्या जहाजावर काम करीत ते इंग्लंडला परतले. खिशात जेमतेम पाच पौंड होते. मामाच्या मदतीने त्यांनी जत्रेत एक लहानसा ठेला मांडला.

तो ठेला होता कडी टाकून वस्तू जिंकण्याच्या खेळाचा. आपल्याकडे जांब समर्थच्या रामनवमीच्या जत्रेपासून कोणत्याही उरुसापर्यंत हा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. साबणाच्या वडीवर, बाहुलीवर कडी नेम धरून टाकायची. ती पूर्ण बसली तर वस्तू आपली. ती सहसा बसत नाही, हेही सर्वांना ठाऊक असते. ठोकळा आणि कडी यांचे माप असे काही जुळविलेले असते की, मालकाचे नुकसान होऊ नये. बटलिन यांनी याच्या उलट केले. कडी सहज बसेल असे ठोकळे त्यांनी ठेवले. लोक जिंकू लागले. शेजारचे ठेलेवाले त्यांना वेड्यात काढीत होते. पण जिंकलेली वस्तू मिरवीत जाणाऱ्या माणसाला पाहून दहा माणसे ठेल्यापाशी येत. प्रत्येक गिऱ्हाइकामागचा नफा कमी झाला आणि एकूण गल्ला इतरांपेक्षा वाढला. पुढची सारी साखळी याच हिशेबावर उभी राहिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

काही वर्षांतच त्यांचे ठेले वाढले. लंडनमध्ये नाताळच्या मोसमात ऑलिंपिया येथे भरणाऱ्या बर्ट्रम मिल्स सर्कशीपर्यंत त्यांची मजल गेली. १९२७ मध्ये लिंकनशायरच्या किनाऱ्यावरील स्केगनेस गावी त्यांनी जमीन भाड्याने घेऊन कायमस्वरूपी करमणूक उद्यान थाटले. पुढच्याच वर्षी तेथे एकमेकींना धडका देणाऱ्या विजेच्या मोटारी, म्हणजे आपल्या जत्रेतील डॅशिंग कार, अवतरल्या. ब्रिटनमध्ये त्या प्रथम आणण्याचे श्रेय बटलिन यांनाच दिले जाते.

येथे आपल्याकडील एका उदाहरणाची आठवण होते. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली आणि तंबू घेऊन ते गावोगावी, देशोदेशी फिरले. करमणूक लोकांच्या दारी न्यायची, ही जुनी रीत. बटलिन हे त्याच फिरत्या जगातून आलेले. पण त्यांनी तंबू एका जागी रोवला आणि लोकांनाच तेथे यायला लावले. त्यासाठी लोकांपाशी दोन गोष्टी असाव्या लागतात. एक म्हणजे प्रवासाचे साधन आणि दुसरी म्हणजे मोकळा वेळ. रेल्वेने पहिली दिली होती. दुसरीची वाट मात्र अजून पाहावी लागणार होती.

दक्षिण वेल्समधील बॅरी आयलंड या किनाऱ्यावरील एका सुटीत बटलिन यांनी एक दृश्य पाहिले आणि ते त्यांना पुढे कधी विसरता आले नाही. त्या काळी मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबे सुटीत समुद्रकाठच्या बोर्डिंग हाऊसमध्ये उतरत. या घरांचा एक नियम असे. सकाळची न्याहारी झाली की पाहुण्यांनी बाहेर पडायचे आणि संध्याकाळच्या जेवणापर्यंत परतायचे नाही. हवा चांगली असेल तर ठीक. पण इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे केव्हा भरून येईल याचा नेम नाही. पावसात भिजत, लहान मुलांना कडेवर घेऊन, बसथांब्याच्या आडोशाला दिवस काढणारी माणसे त्यांनी पाहिली. वर्षभर घाम गाळून जमविलेल्या पैशांनी ही माणसे हा छळ विकत घेत होती. त्यात बोर्डिंग हाऊसच्या मालकिणीला दोष द्यावा, तर तिचेही घर चालायचे होते. दोष कोणाचाच नव्हता आणि त्यामुळेच कोणी काही करीत नव्हते.

सुटीचा तळ ही कल्पना बटलिन यांची स्वतःची नव्हे, हे नोंदविले पाहिजे. आयल ऑफ मॅन बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पुरुषांसाठी तंबूंचा तळ निघाला होता. हॅरी वॉर्नर यांनी १९३१ मध्ये हेलिंग आयलंडवर असा तळ सुरू केला होता आणि बटलिन त्यांच्या कंपनीत संचालकही होते. बटलिन यांचे वेगळेपण प्रमाणात आणि हिशेबात आहे. शंभर-दोनशे माणसांऐवजी त्यांनी हजारांचा विचार केला. राहण्याच्या खोलीत पैसा न घालता तो सर्वांनी मिळून वापरायच्या जागांत घातला. पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, नृत्यशाला, भोजनगृह. खोली निजण्यापुरती, बाकी दिवस छपराखाली सर्वांबरोबर. बाहेर पाऊस असो वा नसो, कार्यक्रम ठरलेला.

स्केगनेसजवळ इंगोल्डमेल्स येथील शेतात ११ एप्रिल १९३६ रोजी हा पहिला तळ उघडला. उद्घाटनाला त्या वेळची विख्यात वैमानिक एमी जॉन्सन आली होती. ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये ५०० पौंड खर्चून जाहिरात देण्यात आली होती. हंगामानुसार आठवड्याचे ३५ शिलिंग ते ३ पौंड. त्यात तीन वेळचे जेवण आणि सर्व करमणूक. एका आठवड्याच्या पगारात एक आठवड्याची सुटी, असे ते गणित होते. इमारतीच्या दर्शनी भागावर शेक्सपिअरच्या नाटकातील एक ओळ झळकत होती. शाळा अर्धवट सोडलेल्या जत्रेकऱ्याने शेक्सपिअरला कामाला लावले, याचे अनेक विद्वानांना वैषम्य वाटले असेल!

पण पहिल्याच दिवसांत एक अनपेक्षित अडचण आली. सारे काही होते. मात्र माणसे एकमेकांशी बोलत नव्हती. आपापल्या कुटुंबाचे कोंडाळे करून ती अवघडल्यासारखी बसून राहत. तळाच्या कामावर नॉर्मन ब्रॅडफर्ड नावाचे अभियंते होते. बटलिन यांनी त्यांना लोकांना जरा बोलते करण्यास सांगितले. ब्रॅडफर्ड यांनी रात्रीच्या जेवणाच्या वेळी माइक हाती घेतला, विनोद सांगितले, लोकांना शेजाऱ्याची ओळख करून घ्यायला लावली. हशा पिकला आणि बर्फ वितळले. दुसऱ्या दिवशी ते लाल रंगाचा कोट विकत घेऊन आले, म्हणजे गर्दीत मदतनीस चटकन ओळखू यावा. लाल कोटवाल्यांची, अर्थात रेडकोट्सची परंपरा तेथून सुरू झाली. पुढे ब्रिटनच्या रंगभूमीला व दूरचित्रवाणीला या लाल कोटांनी अनेक कलावंत दिले. बीटल्समध्ये जाण्यापूर्वी रिंगो स्टार ज्या वाद्यवृंदात ड्रम वाजवीत, तो वाद्यवृंदही बटलिनच्या तळांवर हंगाम करीत असे.

१९३८ मध्ये क्लॅक्टन येथे दुसरा तळ सुरू झाला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने पगारी सुटीचा कायदा केला. बटलिन यांनी या कायद्याचा हिरिरीने पुरस्कार केला होता. त्यात त्यांचा स्वार्थ होता, हे उघड आहे. पण कामगार संघटना ज्या मागणीसाठी वर्षानुवर्षे झगडत होत्या, तिच्या बाजूने एक धंदेवाईक उभा राहिला, हेही तितकेच खरे. मालकवर्गाला कामगाराची सुटी म्हणजे बुडालेला दिवस वाटे. बटलिन यांना ती बाजारपेठ दिसली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने पगारी वार्षिक रजेची तरतूद केली. ठरावीक दिवस काम केलेल्या कामगारास दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस, असे तिचे स्वरूप होते. गिरणगावातील कामगार ही रजा साठवून गणपती-शिमग्याला कोकणात जाई. मात्र परतूर, मंठा, घनसावंगी या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे जी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, त्यांच्या वाट्याला असला कोणताही हिशेब आला नाही. सहकुटुंब प्रवास तेही करतात, तोही सहा-सहा महिन्यांचा. वॉटर पार्कच्या जाहिरातीतील सहकुटुंब या शब्दात ती कुटुंबे नसतात. करमणुकीचा व्यवसाय किती वाढेल, हे घसरगुंडीच्या उंचीवर ठरत नाही. कोणाच्या हातात पगारासह रिकामा दिवस आहे, यावर ते ठरते. बटलिन यांच्या चरित्रातील हा भाग त्यांच्या गुणगानात बहुधा मागे पडतो, म्हणून तो येथे थोडा लांबविला.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने तळ ताब्यात घेतले. स्केगनेस नौदलाचे प्रशिक्षण केंद्र झाले आणि त्याला ‘रॉयल आर्थर’ असे युद्धनौकेसारखे नाव मिळाले. ही नौका आपण बुडविल्याचा दावा जर्मन नभोवाणीने केला होता, असा किस्सा सांगितला जातो. फाइली येथील अर्धवट तळ, तसेच स्कॉटलंडमधील एअर व वेल्समधील पुथेली येथील नवे तळ बटलिन यांनी सरकारसाठी बांधून दिले आणि युद्धानंतर ते कमी किमतीत परत घेण्याचा करार करून ठेवला. ही देशसेवा की धंदा, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उत्तर बहुधा दोन्ही असे आहे. दारूगोळा कारखान्यांतील कामगारांच्या वसतिगृहांची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. या कामाबद्दल त्यांना सरकारी सन्मान मिळाला.

१९४५ नंतरची पंधरा वर्षे हा बटलिन यांचा सुवर्णकाळ. सहा वर्षांचे युद्ध सोसलेली माणसे हाती पगारी सुटी घेऊन समुद्राकडे धावली. १९४७ मध्ये फाइलीच्या तळासाठी रेल्वेने स्वतंत्र स्थानकच बांधले. आपल्याकडे यात्रेच्या दिवसांत पंढरपूरच्या गाड्यांना जी गर्दी लोटते, तिची कल्पना करावी. १९४८ मध्ये आयर्लंडमधील मोझनीचा तळ आला. सकाळी ध्वनिक्षेपकावरून साऱ्या तळाला जाग आणली जाई, जेवणाच्या पाळ्या ठरलेल्या, स्पर्धा ठरलेल्या. आजच्या वाचकाला ही शिस्त लष्करी छावणीसारखी वाटेल, आणि तेव्हाही काहींना ती तशी वाटे. पण वर्षभर चूल आणि धुणे यांतून सुटका नसलेल्या गृहिणीला आठवडाभर आयते ताट मिळत होते, मुलांना सांभाळणारी माणसे होती, संध्याकाळी नवरा-बायको नाचायला जाऊ शकत होते. टीका करणाऱ्यांत या गृहिणी फारशा नव्हत्या.

याच भराच्या काळात त्यांनी एक मोठी चूक केली. बहामा बेटांवर त्यांनी भव्य सुटीगाव उभारायला घेतले. १९५० च्या सुमारास ते अर्धवट अवस्थेत उघडले आणि अल्पावधीत कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्यात बटलिन यांचे जबर नुकसान झाले. या अपयशाची आर्थिक कारणे अनेक आहेत. पण आमच्या मते त्यात एक साधे कारणही दडलेले आहे. बटलिन यांची विद्या पावसाची होती. जेथे वर्षभर ऊन आणि निळा समुद्र फुकट आहे, तेथे छप्पर विकणाऱ्याचे काय काम?

स्वदेशी मात्र गाडी पुन्हा रुळावर आली. १९६० मध्ये बॉग्नर रिजिस, १९६२ मध्ये माइनहेड आणि १९६६ मध्ये बॅरी आयलंड असे तळ निघाले. पावसात भिजलेली कुटुंबे जेथे पाहिली, त्याच बॅरीवर बटलिन यांनी शेवटचा तळ उभारला. आता साखळीत नऊ तळ झाले होते. पूर्वीच्या उघड्या तलावांच्या जोडीला बंदिस्त, गरम पाण्याचे तलाव आले. काही ठिकाणी तलावाच्या भिंतीला काच बसविली होती आणि पलीकडे बसून चहा पिणाऱ्यांना पोहणाऱ्यांचे पाय दिसत! बंदिस्त पाण्याभोवती दिवसभराची करमणूक रचण्याची ही पहिली पायरी म्हणता येईल.

१९६४ मध्ये बटलिन यांना सर हा किताब मिळाला. १९६८ मध्ये त्यांनी मुलगा बॉबी याच्या हाती कारभार सोपविला आणि ते जर्सी बेटावर राहायला गेले. त्यांचे स्वतःचे कौटुंबिक जीवन सरळ रेषेतले नव्हते. त्यांनी तीन विवाह केले. मुलांसाठीच्या धर्मादाय कामांना त्यांनी सढळ हाताने पैसा दिला.

तोवर हवा बदलली होती. स्वस्त विमान प्रवासामुळे ब्रिटिश कामगार स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊ लागला. तेथे उन्हाची हमी होती आणि दर जवळपास तेवढाच. १९७२ मध्ये रँक या कंपनीने ही साखळी ४३ दशलक्ष पौंडांना विकत घेतली. १२ जून १९८० रोजी जर्सी येथे बटलिन यांचे निधन झाले. त्याच वर्षी बीबीसीवर सुटीच्या तळाची थट्टा करणारी ‘हाय-डी-हाय’ ही विनोदी मालिका सुरू झाली. तिचे एक लेखक जिमी पेरी हे स्वतः कधीकाळी लाल कोट घातलेले!

आणि त्याच १९८० मध्ये नेदरलँड्समध्ये आणखी एक गोष्ट घडली. पीट डर्कसेन यांच्या सेंटर पार्क्स या कंपनीने डी एमहॉफ येथील सुटीगावात एका प्रचंड छपराखाली उष्ण कटिबंधातील वाटावे असे पाण्याचे उद्यान उघडले. बाहेर थंडी असली तरी आत झाडे, लाटा आणि कायम उबदार हवा. बटलिन यांच्या कल्पनेचे हे पुढचे पाऊल दुसऱ्याच माणसाने टाकले. १९८७ मध्ये ही कंपनी इंग्लंडमध्ये आली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९९७ मध्ये सुरू झालेल्या एका लॉजमधून ग्रेट वुल्फ ही बंदिस्त वॉटर पार्क असलेल्या कौटुंबिक हॉटेलांची साखळी वाढली. तेथेही कारण तेच, लांबलचक हिवाळा.

बटलिनच्या तळांना ही वाट उशिरा सापडली, आणि ती सापडेपर्यंत किंमत मोजावी लागली. मोझनी १९८२ मध्ये विकला गेला. १९८३ मध्ये फाइली आणि क्लॅक्टन बंद झाले. बॅरीही साखळीतून गेला. उरलेल्या तळांवर रँकने कोट्यवधी पौंड खर्चून घसरगुंड्या आणि लाटा असलेले बंदिस्त जलविहार बांधले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तीन तळांवर तंबूच्या आकाराचे विशाल पांढरे छत उभारण्यात आले. फिरत्या तंबूतून आलेल्या माणसाच्या साखळीला शेवटी तंबूनेच तारले, हा योगायोग गमतीचा खरा. २००० मध्ये साखळी बोर्न लेझर या कंपनीकडे गेली. आता स्केगनेस, माइनहेड आणि बॉग्नर रिजिस हे तीनच तळ बटलिन हे नाव लावतात. बॉग्नरला २०१९ मध्ये ४० दशलक्ष पौंड खर्चाचा नवा बंदिस्त जलविहार उघडला.

आपल्याकडे हे सारे जसेच्या तसे उचलता येणार नाही. ब्रिटनमध्ये पाणी आकाशातून हवे त्यापेक्षा अधिक पडते; तेथे पाण्याच्या खेळाला कोणी जाब विचारीत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत. २०१६ मध्ये तर मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. बंदिस्त तलावातील पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरता येते आणि छपराखाली बाष्पीभवनही तुलनेने कमी, ही त्या रचनेची जमेची बाजू. पण ती रचना उभी करणाऱ्याला मराठवाड्यात पहिला प्रश्न विचारला जाईल तो पाणी कोठून आणणार हाच, आणि तो विचारलाच पाहिजे.

स्केगनेसच्या तळावर १९३६ सालची एक लहानशी लाकडी खोली अजून जपून ठेवलेली आहे. सरकारने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला आहे. झोपण्यापुरती जागा, एक खिडकी, एक दार. स्नानगृह नाही. ती पाहायला येणारी कुटुंबे तेथे दोन मिनिटे थांबतात आणि मग मुले जलविहाराकडे पळतात.